फ्रेंच क्वार्टरमधलं रांगेचं सीफूड रेस्टॉरंट : टेबलचा हट्ट सोडा, काउंटरला उभे राहा

आधी निकाल सांगते मग बाकीचं. टेबलावरच्या जेवणाला पाचपैकी तीन आणि त्याच रेस्टॉरंटच्या ऑयस्टर काउंटरला पाचपैकी पाच, एकाच छताखाली इतका फरक मी तरी पहिल्यांदाच बघितला. जागा म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्स शहराचा जो जुना भाग आहे, त्या फ्रेंच क्वार्टरमधलं, बर्बन स्ट्रीटपासून दोन मिनिटांवरचं, बाहेर फुटपाथवर कायम रांग असलेलं एक सीफूड रेस्टॉरंट. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जे खटकलं ते त्या भागातल्या गर्दीच्या कुठल्याही जागी खटकू शकतं, आणि जे आवडलं ते शोधायचं कसं हे कळलं की नावाची तशी गरज राहत नाही.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. आई रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आलेली, आणि तिला इथे येऊन सगळ्यात जास्त काय खुपत होतं तर मासे. म्हणजे मासे मिळतात, पण तिच्या मते ते "औषधाच्या दुकानातल्यासारखे पॅक" असतात, वास नाही, डोळे नाहीत, काटा नाही. म्हणून ठरवलं की हिला एकदा लुईझियानाला न्यायचं, तिथल्या लोकांना माशातलं कळतं. एप्रिलचा वीकेंड, मी, नवरा, आई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे निघालो, साधारण साडेतीनशे मैल, वाटेत अॅचाफलायाच्या दलदलीवरचा तो जवळजवळ अठरा मैलांचा पूल लागतो, खाली नुसतं पाणी आणि पाण्यात उभी झाडं, आई पूर्ण पूलभर खिडकीला नाक लावून होती.

गाडीबद्दल एकच सांगते, क्वार्टरमध्ये नेऊ नका. रस्ते अरुंद, पार्किंग महाग, वर एप्रिलमध्ये फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल असतो तेव्हा तर पाऊल ठेवायला जागा नसते. आम्ही हॉटेल मुद्दाम कॅनॉल स्ट्रीटच्या स्ट्रीटकारच्या लाइनवर घेतलं होतं, सव्वा डॉलरचं तिकीट काढायचं आणि थेट क्वार्टरच्या तोंडाशी उतरायचं, मुलगा त्या लाल ट्राममध्येच खूश.

शनिवारी साडेबाराला पोचलो तर रांग कोपऱ्यापर्यंत. रिझर्व्हेशन घेत नाहीत, नाव लिहून घेऊन फिरून या असंही नाही, उभंच राहायचं. एक तास दहा मिनिटं उभे होतो, आई अडुसष्ट वर्षांची, तिला दाराशी बसायला एक खुर्ची द्या म्हणून विचारलं तर दारावरची मुलगी "सॉरी मॅम" एवढंच म्हणाली आणि पुढच्याकडे बघायला लागली. हे मला फार लागलं. उन्हात इतके लोक रोज उभे करता, एक बाकडं टाकायला काय जातं. समोर एका पोराने ट्रम्पेट आणि दुसऱ्याने ड्रम लावला होता म्हणून वेळ गेला, आईने त्यांच्या बादलीत दोन डॉलर टाकले.

आणि ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं म्हणून ठळक लिहितेय. ती रांग टेबलसाठी असते. आत शिरलात की डाव्या हाताला लांब संगमरवरी काउंटर आहे, त्यामागे ऑयस्टर फोडणारी माणसं उभी असतात, आणि त्या काउंटरला उभं राहून खायचं असेल तर वेगळी छोटी रांग असते, ती दहा-पंधरा मिनिटांत सरकते. आम्हाला हे दाराशी पोचल्यावर कळलं. आमचं टेबल तयार व्हायला अजून वेळ होता तेवढ्यात आई मला सोडून सरळ काउंटरकडे गेली, कारण तिला फोडण्याचा आवाज आला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑयस्टर म्हणजे आपली कालवंच, पण इथली गल्फची, म्हणजे मेक्सिकोच्या आखातातली, कालवं आकाराने भलतीच मोठी, काही काही तर तळहाताएवढी. आईचं लहानपण ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडण्यात गेलंय त्यामुळे ती त्या माणसाच्या हाताकडे ज्या नजरेने बघत होती ना, ती नजर मी ओळखते, घरी कोळीण मासा कापायला बसली की हीच नजर असते. पन्नाशीचा धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस, डाव्या हातात जाड ग्लोव्ह, उजव्या हातात बोथट टोकाची आखूड सुरी. धार नसतेच तिला, जोर नाही, सांधा शोधायचा असतो. शिंपला डाव्या तळव्यात दाबून धरायचा, मागच्या बिजागरीत सुरीचं टोक रुतवायचं, मनगट थोडं फिरवलं की टक्. मग पातं वरच्या शिंपल्याला घासून आडवं न्यायचं म्हणजे स्नायू वरून सुटतो, झाकण बाजूला, परत खालून एकदा फिरवून मांस मोकळं करायचं आणि उलटं करून ठेवायचं, म्हणजे गुळगुळीत बाजू वर येते. आणि हे सगळं करताना आतलं पाणी एक थेंब सांडत नाही. त्या पाण्याला तिथे लिकर म्हणतात, तेच तर खरं असतं. एका कालवाला सात-आठ सेकंद. आईने मान डोलावली आणि मराठीतच म्हणाली, "हात चांगला आहे हो तुमचा." त्याला शब्द कळला नसेल पण भाव कळला, "थँक यू बेबी" म्हणाला. तिथे सगळ्यांनाच बेबी म्हणतात, अडुसष्ट वर्षांच्या बाईलासुद्धा, आणि ते इतकं मायेने येतं की आईला पण आवडलं.

मी त्याला विचारलं कुठली आहेत ही, कधी काढलेली. त्याने काहीही न बोलता पायाशी पडलेल्या गोणीचा टॅग उचलून माझ्यापुढे धरला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, अमेरिकेत शिंपल्याच्या प्रत्येक गोणीला टॅग असतो, त्यावर कुठल्या पाण्यातली आणि कधी काढली ते लिहिलेलं असतं आणि गोणी संपल्यावरही तो टॅग रेस्टॉरंटला नव्वद दिवस जपून ठेवावा लागतो, कोणी आजारी पडलं तर माग काढता यावा म्हणून. टॅगवर लुईझियानाच्याच पाण्याचा नंबर आणि परवाची तारीख. विचारल्यावर असा बिनधास्त टॅग पुढे येतो ना, तिथे निर्धास्त खावं.

एक डझन कच्ची मागवली, बावीस डॉलर. बर्फाच्या ट्रेवर आली, बरोबर लिंबू, सॉल्टीन क्रॅकर्स, केचप, हॉर्सरॅडिश आणि हॉट सॉस, कॉकटेल सॉस आपला आपण कालवायचा. आईने सॉसला हातच लावला नाही. पहिलं नुसतं लिंबू पिळून खाल्लं, डोळे मिटले, थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मीठ कमी आहे, पण गोड आहे." आणि हे तंतोतंत बरोबर आहे बरं का. तिथे मिसिसिपीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं त्यामुळे गल्फचं कालव आपल्या खडकावरच्यापेक्षा कमी खारट, मांसल आणि जरा लोण्यासारखं लागतं. गोडं पाणी प्रमाणाबाहेर आलं की मात्र ती मरतात. 2019 साली नदीला पूर आला म्हणून बॉने कॅरे स्पिलवे, म्हणजे पुराचं पाणी वळवून सोडायचे दरवाजे, एकाच वर्षात दोनदा उघडले होते तेव्हा त्या गोड्या पाण्याने कालवांच्या कितीतरी जागा साफ झाल्या, त्याच्या आधी 2010 ला तेलगळती झालेली, 87 दिवस तेल वाहत होतं. त्या समुद्राने इतकं सोसल्यावरही ताटात असं कालव येतं याचं मला खरंच कौतुक वाटतं, आणि म्हणूनच ते नीट निवडून, नीट विचारून खावं असं मनापासून वाटतं.

आता कच्च्याबद्दल गंभीरपणे एक. मेनूच्या खाली बारीक अक्षरात सूचना असते की लिव्हर, पोट किंवा रक्ताचा जुना आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर पूर्ण शिजवलेलंच खा. ही सूचना वाचून पान उलटू नका. गरम समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो, लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाच्या तो जिवावर उठू शकतो, आणि लिंबू, हॉट सॉस, दारू यातल्या कशानेही तो मरत नाही. माझ्या नवऱ्याला फॅटी लिव्हर आहे, त्याने एकही कच्चं खाल्लं नाही, मी खाऊ दिलंच नाही. त्याच्यासाठी चारब्रॉइल्ड मागवली, अर्धा डझन सतरा डॉलर.

चारब्रॉइल्ड म्हणजे अर्ध्या शिंपल्यासकट थेट जाळावर ठेवतात, वरून लसूण घातलेलं वितळलेलं लोणी आणि परमेझान-रोमानो चीज, लोणी जाळात ठिबकतं, भडका उडतो, कडा करपतात. जुना पदार्थ वाटतो पण नाहीये, न्यू ऑर्लिन्सजवळच्या मेटरीतल्या ड्रॅगोज नावाच्या रेस्टॉरंटने 1993 साली पहिल्यांदा केला आणि मग सगळ्यांनी उचलला. आमची छान झाली होती, कालव आत अजून रसरशीत, कडक झालं नव्हतं. खाली उरलेलं लोणी फ्रेंच ब्रेडने पुसून खायचं असतं, मुलाने तेच केलं, कालव बाबाला आणि लोणी त्याला अशी वाटणी झाली.

आणि हे सगळं काउंटरवर चालू असताना डझन संपला तेव्हा त्या माणसाने अजून एक फोडलं आणि आईसमोर ठेवून म्हणाला, "लॅन्यॅप." मला अर्थ माहीत होता, तिथला खास शब्द आहे, गिऱ्हाइकाला मापाच्या वर जे थोडंसं फुकट देतात ते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हो मग, वर टाकायलाच पाहिजे." आयुष्यभर मासळीबाजारात वाटा घेतल्यावर "अगो वर टाक की दोन" म्हणणारी बाई ती, तिला तो एक शब्द इतका आपला वाटला की हॉटेलवर जाईपर्यंत लॅन्यॅप लॅन्यॅप चालू होतं.

इथेच थांबलो असतो तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते. पण मग टेबल मिळालं.

टेबल अगदी एसीच्या खाली, आई शाल आणायला विसरलेली. टेबल पुसलेलं पण चिकट. वेटर वाईट नव्हता पण त्याला घाई होती, पाणी ठेवता ठेवताच ऑर्डर विचारायला लागला. गम्बो, म्हणजे तिथलं दाट कालवण, आलं ते मात्र चांगलं होतं, एक वाडगा चौदा डॉलर. गम्बोचा जीव त्याच्या रूमध्ये असतो, म्हणजे तेलात मैदा मंद आचेवर भाजत राहायचा, लाडवाचं बेसन भाजतो तसंच हात न थांबवता, फक्त बदामी रंगावर न थांबता पार चॉकलेटसारखा होईपर्यंत न्यायचा, एक क्षण दुर्लक्ष झालं तर करपलं आणि सगळं टाकून द्यायचं. मग त्यात कांदा, सेलरी, सिमला मिरची, या तिघांना तिथे ट्रिनिटी म्हणतात. दाटपणाला भेंडी, नाहीतर फिले म्हणजे सॅसाफ्रासच्या पानांची पूड, जी तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांकडून आली. गम्बो हा शब्दच मुळात पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आलाय, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ती भेंडी आणि ती हातोटी आणली. मधोमध पांढऱ्या भाताचा ढीग, भोवती तपकिरी रस, त्यात अर्धा खेकडा आणि कोलंबी. आईने पहिल्या घासाला सांगितलं, "भाजलंय मन लावून, मीठ मात्र डोळे मिटून टाकलंय." खरंच खारट होतं, भातात कालवल्यावर जमलं. नारळ नाही, चिंच-कोकम नाही, आंबटपणा शोधत बसलात तर निराश व्हाल, हा भाजल्याच्या खमंगपणाचा पदार्थ आहे.

मग कोलंबीचा पो बॉय, एकोणीस डॉलर, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. पो बॉय म्हणजे लांब फ्रेंच ब्रेडमध्ये तळलेली कोलंबी. 1929 साली स्ट्रीटकारवाल्यांचा संप झाला तेव्हा मार्टिन बंधूंनी, ते स्वतः आधी स्ट्रीटकारवरच होते, संपकऱ्यांना फुकट सँडविच दिली, आणि "अजून एक पुअर बॉय आला" यावरून नाव पडलं असं सांगतात. वेटर विचारतो "ड्रेस्ड?", म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणची काकडी आणि मेयो घालून का, तर हो म्हणा. ब्रेड उत्तम होता, वरून पापुद्रा कडक आणि आत हलका, टेबलभर चुरा. पण कोलंबी! सगळी एका मापाची, रबरासारखी, चव म्हणून काही नाही, नुसत्या पिठाची आणि मसाल्याची. मी वेटरला विचारलं कुठली कोलंबी आहे, तो म्हणाला "गल्फची असावी". असावी म्हणजे काय? बाहेर बोर्डावर कोलंबीच्या होड्यांचे फोटो, आत भिंतीवर जाळी टांगलेली. मग मी मेनू शेवटच्या पानापर्यंत वाचला, तर अगदी तळाशी लिहिलेलं की काही पदार्थांत इम्पोर्टेड कोलंबी असू शकते.

हे त्यांनी हौसेने लिहिलेलं नाहीये. लुईझियानात 2019 पासून कायदाच आहे, परदेशातली कोलंबी किंवा क्रॉफिश (छोट्या शेवंडासारखा जीव, त्याबद्दल पुढे) वाढत असाल तर गिऱ्हाइकाला तसं सांगावं लागतं, आणि 2025 च्या सुरुवातीपासून तो अजून कडक झालाय. अमेरिकेत खपणारी बहुतेक कोलंबी बाहेरून येते, आणि सगळ्यात जास्त कुठून येते माहितीये? भारतातून. त्यातली पुष्कळशी आंध्रच्या तळ्यांतली. हे आईला सांगितलं तर ती हातातला पो बॉय खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली, "म्हणजे आपण एवढ्या लांब येऊन आपल्याकडचीच खातोय, ती पण बर्फातली?" आंध्रच्या कोलंबीला मी नावं ठेवत नाही, ताजी असेल तर तीही चांगलीच असते. पण राज्याला मैलोन्मैल समुद्र असताना, तिथल्या कोलंबीवाल्यांना भाव मिळेना म्हणून होड्या किनाऱ्याला बांधून ठेवायची पाळी येत असताना, भिंतीवर त्यांचे फोटो लावायचे आणि ब्रेडमध्ये गोठवलेलं दुसरंच काही भरायचं, हे मला पटत नाही. वेटरचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नसणार. पण ज्यांनी मेनू छापला त्यांना माहीत होतं.

शेजारच्या टेबलावर ब्लॅकन्ड रेडफिश, म्हणजे मसाला लावून तापलेल्या तव्यावर काळपट भाजलेला मासा, आला होता, दिसत छान होता, पण तो आम्ही घेतला नाही. हा पदार्थ पॉल प्रुडॉम या शेफने 1980 च्या दशकात इतका लोकप्रिय केला की समुद्रातला रेडफिश संपत आला, शेवटी लुईझियानाने तो विक्रीसाठी पकडायलाच बंदी घातली. आता हॉटेलात मिळतो तो बहुतेक पाळलेला. मुलाने तळलेला कॅटफिश घेतला, अकरा डॉलर, मक्याच्या पिठात घोळवलेला, कुरकुरीत, त्याने ताट चाटून पुसून ठेवलं, त्यावर अजून काही लिहायला नको.

आणि मग क्रॉफिश, तीन पाउंड, साडेसात डॉलर पाउंड. यासाठी तरी मी त्या टेबलाला माफ करते. एका मोठ्या ट्रेमध्ये लालभडक ढीग, मध्ये मक्याची कणसं आणि बटाटे, सगळं एकत्रच उकडलेलं, वाफ येत होती. दिसायला छोटी शेवंडं, लांबी बोटाएवढी. पण ही समुद्रातली नव्हेत, गोड्या पाण्यातली, आणि त्यातली बरीचशी येतात भाताच्या शेतातून. भात कापला की शेत परत पाण्याने भरतात, बिळात गेलेले क्रॉफिश बाहेर येतात, उरलेल्या पेंढ्यावर वाढतात, आणि हिवाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत पिंजरे लावून पकडतात. मार्च ते मे ऐन सीझन. आई म्हणाली, "आमच्याकडे पावसात खाचरात कुर्ल्या मिळतात तशातलंच झालं की." खायची पद्धत अशी, डोकं आणि शेपूट दोन हातांत धरून पिळायचं, वेगळं झालं की डोक्यातला रस चोखायचा, शेपटीचं पहिलं कडं सोलायचं आणि टोकाला चिमटा काढून मांस ओढायचं. एवढ्याशा जिवात घास छोटासाच, पण तो मसाला! आई बोटं चाटत चाटत एकेक ओळखत गेली, धणे आहेत, मोहरी आहे, तमालपत्र आहे, लाल तिखट आहे. मी नंतर दुकानात त्या बॉइलच्या मसाल्याची पिशवी उलटून वाचली तर सगळं बरोबर, वर शेपूचं बी आणि ऑलस्पाइस, तेवढी दोन तिच्याकडून सुटली होती. ओठ हुळहुळले, नाकातून पाणी, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वीस मिनिटांत तीन पाउंडाचा नुसता टरफलांचा डोंगर झाला. डोळ्याला हात लावू नका फक्त, माझ्या मुलाने लावला आणि पाच मिनिटं रडला.

ब्रेड पुडिंग ठीक, नऊ डॉलर, सॉस गोड मिट्ट. शाकाहारी माणसाला मात्र इथे आणू नका, रेड बीन्स अँड राइस नाव वाचून राजमा-चावल समजून मागवतील आणि त्यात सॉसेज निघेल. विचारून घ्या.

बिल आलं, दोन आइस टी धरून आणि मध्ये आईने टेबलावर मागवलेला कालवांचा दुसरा डझन धरून एकशे साडेबेचाळीस डॉलर, टॅक्स जवळजवळ दहा टक्के, आणि वीस टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. आता गंमत नाही, नीट वाचा. एवढं लावून खाली परत टिपची रिकामी रेघ होती, आणि वेटरने कार्डाचं मशीन पुढे करताना त्याबद्दल अक्षर काढलं नाही. नवरा त्या रेघेवर तीस लिहायला निघालाच होता, मी बिल वाचत होते म्हणून वाचलो. एकूण साधारण 185 डॉलर झाले. टिप द्यायला आमची कधीच ना नसते, ते लोक टिपवरच जगतात, पण दोनदा घ्यायची तर तोंडाने सांगून घ्या. चौघांच्या टेबलाला सर्व्हिस चार्ज लागेल हे मेनूवर मला तरी कुठे दिसलं नाही.

दुपारी नदीकाठी बसलो तेव्हा आई एकच विचारत होती, त्या शिंपल्यांचं पुढे काय करतात, आपल्याकडे पूर्वी भट्टीत भाजून चुना करायचे. मला माहीत नव्हतं म्हणून शोधलं, तर तिथल्या किनारा वाचवणाऱ्या एका संस्थेने 2014 पासून रेस्टॉरंटांतले रिकामे शिंपले गोळा करायला घेतलेत, ते परत समुद्रात नेऊन टाकतात, त्याचे बांध होतात, लाटांचा मार कमी होतो आणि त्याच शिंपल्यांवर नवीन कालवाची पिल्लं येऊन चिकटतात. हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, "मग आपण खाल्ली ती फुकट नाही गेली."

रविवारी सकाळी अकराला, उघडायच्या वेळेला, परत तिथेच गेलो. रांग नव्हती. टेबल देत होते, आम्ही नको म्हणालो. काउंटरला तोच माणूस, त्याने आईला लांबूनच ओळखलं, "गुड मॉर्निंग, बेबी." मी काही बोलायच्या आधी आईने दोन बोटं वर केली, दोन डझन. सॉस बाजूला सारला, लिंबू जवळ ओढलं आणि त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली, पहिलं टक् व्हायची वाट बघत.